फटफटीवरून थरच्या वाळवंटात

ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि इतिहास या विषयांवर अधिकारी मंडळी बोलून गेली, तिथे आम्ही फटफटीवर बोलायला उभे राहावे, हे काही श्रोत्यांना धाडसाचे वाटेल. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटते. पण चिटणिसांचे म्हणणे असे पडले की, वाळवंट भूगोलाच्या पुस्तकात सर्वांनीच वाचलेले असते. तिथे उघड्यावर मुक्काम करून आलेला माणूस मात्र आपल्या गावात रोज भेटत नाही. तेव्हा जे पाहिले, जे समजले आणि जिथे आमचे चुकले, ते सरळ सांगावे एवढाच आजचा हेतू आहे. त्यात थोडे शास्त्र येईल. पण ते फटफटीच्या चाकाला चिकटूनच येईल.

आम्ही चौघे मित्र. एक डॉक्टर, एक वकील, एक स्वतःचे गॅरेज चालवणारे, ज्यांना आम्ही कौतुकाने मिस्त्री म्हणतो, आणि चौथे आम्ही स्वतः, पेशाने मास्तर. चौघांचीही पन्नाशी उंबरठ्यावर. घरच्यांचा विरोध झाला, तो रास्तच होता. २०२३ च्या जानेवारीत आम्ही गाड्या पुण्याहून रेल्वेच्या पार्सलने जोधपूरला पाठवल्या. टाकीतले पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढावे लागते आणि गाडी गोणपाटात गुंडाळावी लागते. पार्सल ऑफिसाबाहेर हे काम करणारी माणसे ते इतक्या सफाईने करतात की, आपली गाडी आहे की पुतळा अनावरणासाठी झाकला आहे, असा प्रश्न पडावा. जोधपूरहून पोखरणमार्गे जैसलमेरपर्यंत रस्ता उत्तम आहे, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. आमचा खरा प्रवास जैसलमेरच्या पुढचा, चार रात्रींचा.

गाड्या कोणत्या, हे आधी सांगितले पाहिजे. शहरात आपण चालवतो ती मोटारसायकल डांबरी रस्त्यासाठी घडवलेली असते. शर्यतीतली चिखलात धावणारी गाडी रानासाठी असते; तिला दिवा नसतो, नंबर नसतो आणि रस्त्यावर आणायची परवानगीही नसते. या दोहोंच्या मधली एक जात आहे. तिचे पुढचे चाक मोठे, एकवीस इंचांचे. पोट जमिनीपासून उंच. स्प्रिंगांचा प्रवास लांब. टायरवर ठळक दाते. आणि दिवा, आरसा, नंबरपाटी हे सगळे कायदेशीर. रस्त्याने जायचे आणि रस्ता संपला तरी थांबायचे नाही, असा तिचा बाणा. यामाहा कंपनीने १९६८ मध्ये 'डीटी-१' नावाची गाडी काढली, तेव्हापासून ही जात सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने रुळली ती गेल्या दहा वर्षांत.

अर्थात माणसे त्याआधीही जात होती. रॉबर्ट फुल्टन नावाचा तरुण अमेरिकन १९३२ मध्ये लंडनहून डग्लस फटफटीवर निघाला आणि सीरियाचे वाळवंट ओलांडून बगदादला व तिथून पुढे हिंदुस्थानात आला. त्याची गाडी साध्या रस्त्याचीच होती. १९७७ मध्ये थिएरी सबीन हे फ्रेंच गृहस्थ आफ्रिकेतल्या एका शर्यतीत फटफटीसह वाळवंटात हरवले आणि मरता मरता वाचले. घरी परतल्यावर दुसरा कोणी असता तर त्याने गाडी विकली असती. सबीन यांनी पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, पॅरिस ते डाकार ही शर्यत सुरू केली. २०१५ मध्ये ही डाकार शर्यत पुरी करणारे सी. एस. संतोष हे पहिले भारतीय. आम्ही या कोणाच्याही पंक्तीत बसणारे नाही. आमचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे चौघेही परत आलो.

आता वाळवंटाकडे वळू. थरचे वाळवंट सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. बहुतेक भाग राजस्थानात, उरलेला गुजरात, हरियाणा, पंजाब आणि पाकिस्तानातल्या सिंधमध्ये. सिनेमामुळे आपली समजूत अशी झाली आहे की, जैसलमेर ओलांडले की क्षितिजापर्यंत वाळूच वाळू. प्रत्यक्षात तासन्‌तास दगडगोट्यांचे माळ लागतात, पिवळ्या खडकाचे पठार लागते, सेवण नावाच्या गवताची कुरणे लागतात, आणि मध्येच एखादी वाळूच्या टेकड्यांची रांग आडवी येते. खेजडीची झाडे सर्वत्र. ही खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. तिच्या शेंगांची भाजी तिथे रोजच्या जेवणात असते. दुसरे म्हणजे हे ओसाड नाही. जगातल्या वाळवंटांमध्ये थर हे सर्वांत दाट वस्तीचे गणले जाते. आपल्याला निर्जन वाटलेल्या जागी दहा मिनिटे थांबले की, कुठून तरी शेळ्यांच्या घंटा ऐकू येतात आणि मागोमाग मुंडासे बांधलेला माणूस दिसतो. ही गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी पाहिली होती. ती लक्षात ठेवली असती, तर पुढची चूक झाली नसती.

पण आधी वाळू. घर बांधताना आपण जी नदीची वाळू वापरतो, तिचे कण कोनेदार आणि लहानमोठे असतात. ते एकमेकांत अडकून बसतात. वाळवंटातला कण वाऱ्याने वर्षानुवर्षे घासून गोल केलेला असतो आणि वाऱ्याने निवडलेलाही असतो. फार बारीक कण धूळ होऊन उडून जातात, फार जड मागे राहतात. टेकडीवर जमतात ते बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे. सगळे जवळजवळ सारखे आणि गोल. मोहरीच्या पोत्यात हात घालून पाहावा, म्हणजे फटफटीच्या चाकाला काय वाटत असेल ते कळेल.

या वाळूचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने. हा माणूस १९२० नंतरच्या दशकात सुट्टी मिळाली की, इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन जाई, ती केवळ हौस म्हणून. त्या हौसेतून १९४१ मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या पदार्थविज्ञानावर त्याचा ग्रंथ निघाला, आणि तो अजूनही वाचला जातो. वाऱ्याबरोबर वाळू पाण्यासारखी वाहत नाही, तर कण उड्या मारतात. एक कण पडताना दुसऱ्याला उडवतो. त्यामुळे वाऱ्याच्या बाजूचा उतार मंद असतो आणि तिथली वाळू ठोकून बसवल्यासारखी घट्ट असते. माथ्यापलीकडे मात्र कण नुसते ओघळून पडतात. तो उतार बत्तीस-चौतीस अंशांचा, आणि तिथली वाळू अगदी भुसभुशीत. थरमध्ये जोराचा वारा उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे टेकडीवर चढायचे ते ढोबळमानाने वाऱ्याच्या बाजूने, आणि माथा दिसला की वेग कमी करायचा. कारण पलीकडे जमीन आहे की कडा आहे, हे माथ्यावर जाईपर्यंत समजत नाही. वकिलांनी हा नियम एकदा मोडला. गाडी आधी खाली गेली, मग वकील गेले. वाळू मऊ असल्याने दोघांनाही काही झाले नाही.

बॅग्नोल्डने व्यवहारात आणलेली दुसरी युक्ती आमच्या अधिक कामाची, ती म्हणजे टायरमधली हवा कमी करणे. याचे गणित साधे आहे. गाडी, माणूस आणि सामान मिळून तीनशे किलो धरा. एका चाकावर दीडशे. टायरमध्ये अठ्ठावीस पौंड हवा असेल, तर तिचा दाब एका चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो होतो. तेव्हा दीडशे किलो पेलायला टायर सुमारे पंच्याहत्तर चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकते, म्हणजे बोटे सोडून आपला तळहात. हवा चौदा पौंडांवर आणली की हा टेका दुप्पट होतो, दोन तळहात. तेवढ्याने चाक रुतायचे थांबते. उंटाला हे निसर्गानेच शिकवले आहे. त्याचे पाऊल टेकले की पसरते. याच्या उलट काय होते, ते लोंगेवाला येथे पाहायला मिळते. १९७१ च्या डिसेंबरात ४ आणि ५ तारखांच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा ताफा तिथल्या आपल्या छोट्या ठाण्यावर चालून आला. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली सव्वाशेच्या आत-बाहेर जवान. रात्रभर त्यांनी ठाणे सोडले नाही, आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली. पण त्याआधीच शत्रूच्या कित्येक गाड्या आणि रणगाडे मऊ वाळूत अडकून बसले होते. आम्ही तिथे गेलो तेव्हा मिस्त्री बराच वेळ खाली वाकून वाळू मुठीतून सोडत उभे होते. "नकाशावर ही दिसत नाही," एवढेच म्हणाले.

गाडी चालवण्याची रीतही वाळूत उलटी होते. रस्त्यावर भीती वाटली की आपण ब्रेक दाबतो. वाळूत पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक नांगरासारखे घुसते आणि गाडी आडवी होते. तिथे उभे राहून, अंग मागे टाकून, हँडल सैल धरून गती कायम ठेवायची. गाडी डावी-उजवीकडे वळवळते, तिला वळवळू द्यायचे. नजर चाकाजवळ ठेवायची नाही, वीस-पंचवीस हात पुढे ठेवायची. हे सांगायला सोपे आहे. पहिल्या दिवशी दोन तासांत आम्ही चौघे मिळून सतरा वेळा पडलो. डॉक्टर मोजत होते. दोनशे किलोची गाडी वाळूतून उचलणे हा व्यायाम ज्यांनी केला आहे, त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी केला नाही त्यांना सांगून कळणार नाही. एकट्याने वाळूत जाऊ नये, या नियमाचे पहिले कारण हेच. गाडी पायावर पडली तर उचलायला दुसरा माणूस हवा.

म्हणून सामान कमी. तंबू दोन, झोपायच्या पिशव्या चार, एक छोटा गॅस, पिठले करण्यापुरती भांडी, पंप, पट्ट्या, पान्हे, जादा ट्यूब, आणि डॉक्टरांची पेटी. खरा प्रश्न पाण्याचा. जानेवारीत दिवसाचे ऊन पंचवीस अंशांच्या आसपास असते. २०१६ च्या १९ मे रोजी फलोदीला ५१ अंश नोंदले गेले, त्या महिन्यात आमच्यासारख्यांनी जाऊच नये. हिवाळ्यातही हेल्मेट, जाड कोट आणि कष्ट यांमुळे घाम भरपूर जातो. हवा इतकी कोरडी की, तो अंगावर दिसतच नाही, आणि माणसाला वाटते आपल्याला घाम आला नाही. डॉक्टरांनी माणशी पाच लिटर रोजचे ठरवले, पिणे आणि स्वयंपाक धरून. चार माणसे, दोन दिवस, चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलो. दर दोन दिवसांनी गावात जाऊन भरून घ्यायचे. पेट्रोलचेही तसेच, जी गाडी रस्त्यावर लिटरला पस्तीस किलोमीटर देते, तिने वाळूत वीससुद्धा दिले नाहीत.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट. तिसऱ्या प्रहरी आम्ही एका वाळूच्या पट्ट्यातून जात होतो. मिस्त्रींनी सर्वांच्या टायरमध्ये सोळा पौंड हवा ठेवली होती. आमची गाडी वारंवार रुतू लागली, तेव्हा आम्ही गुपचूप मागच्या चाकाची आणखी हवा सोडली. ती बारावर आली असावी. टायर रिमला धरून राहते ते हवेच्या दाबाने. दाब फार उतरला आणि इंजिनाने जोराचा झटका दिला की, रिम फिरते आणि टायर मागे राहते. टायरबरोबर आतली ट्यूब सरकते. पण ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला. तो मुळापासून उपटला जातो, आणि अशा ट्यूबला पंक्चरचा तुकडा लावता येत नाही. आमचे तेच झाले. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला आणि विचारले, "मास्तर, किती ठेवली होती?" आम्ही खरे ते सांगितले. ते काही बोलले नाहीत, याचेच वाईट वाटले.

चाक काढणे, टायर उचकटणे, नवी ट्यूब वाळू न जाऊ देता आत घालणे, पायाच्या पंपाने हवा भरणे, यात दीड तास गेला. सहा वाजून गेले, सूर्य बुडाला. उजेडात जागा शोधून मुक्काम करायचा हा आमचा नियम मोडला. अंधारात दिव्यांच्या झोतात मैलभर गेल्यावर एक फार सुरेख जागा लागली. कडक, सपाट, किंचित उताराची जमीन. काटा नाही, गवत नाही, लेंडी नाही, जणू कोणी झाडून ठेवली आहे. मध्यावर चुन्याचा एक बुटका घुमट होता. एखादी समाधी असेल असे वाटून आम्ही तिला नमस्कार केला आणि चाळीसएक पावलांवर तंबू ठोकले. मिस्त्रींनी रोजच्या सवयीने चारी गाड्यांच्या चेन रॉकेलने धुतल्या आणि ऑइल लावले. वाळूच्या प्रदेशात हे रोज करावे लागते. नाहीतर चेन सहाणेसारखी दाते झिजवते. काळे रॉकेल खाली जमिनीवर ठिबकले.

आठच्या सुमारास बॅटरी घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. दूरवर थांबून त्यांनी वाकून काही केले आणि मग आमच्याकडे आले. जवळ आल्यावर पाहतो, तो पाय अनवाणी. जानेवारीच्या त्या थंडीत त्यांनी जोडे मैदानाच्या कडेला काढून ठेवले होते. आम्ही "राम राम, बाबा" म्हटले. त्यांनी राम राम केला, चहा नको म्हणाले, आणि बॅटरीचा झोत त्या घुमटावर टाकून एकच शब्द उच्चारला: "आगोर."

तो शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. मोडक्यातोडक्या हिंदीत जे समजले, ते असे. तो घुमट समाधी नव्हती. ते जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्याचे झाकण होते. आणि आम्ही ज्या सपाट जागेवर उतरलो होतो, तिच्यावर पडलेला पाऊस उताराने त्या टाक्यात जातो. पाणी गोळा करणाऱ्या या अंगणाला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी गाव ते झाडून घेते. तिथे जोडे घालून जायचे नाही, गुरे सोडायची नाहीत, घाण करायची नाही. काटा नव्हता, लेंडी नव्हती, याचे कारण वाळवंट नव्हते, गाव होते.

इथे थोडे थांबून हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरकडे शंभर ते दोनशे. वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद आगोर धरा, चारशे चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पावसात त्यावर चाळीस हजार लिटर पाणी पडते. निम्मे जमिनीत मुरले आणि उडून गेले तरी वीस हजार उरते. आम्ही चाळीस लिटर उचलून स्वतःला मोठे नियोजनबाज समजत होतो. तिथली माणसे शतकानुशतके जमिनीलाच छप्पर समजून पन्हाळीचे पाणी धरत आली आहेत. वर झाकण, खाली चुन्याचा गिलावा, म्हणजे पाणी ना उडते ना मुरते. आणखीही रीती आहेत. काही ठिकाणी जमिनीखाली जिप्समचा थर असतो. त्याच्या खालचे पाणी खारे, पण वर मुरलेल्या पावसाची ओल गोडी. ती ओल झिरपून जमावी म्हणून अगदी अरुंद विहीर खणतात, तिला कुईं म्हणतात. अनुपम मिश्र यांनी १९९५ मध्ये राजस्थानच्या या पाण्यावर हिंदीत एक पुस्तक लिहिले. ते आम्ही परत आल्यावर वाचले, जायच्या आधी वाचायला हवे होते. इंदिरा गांधी कालवा आता मोहनगडपर्यंत आला आहे आणि पुष्कळ गावांत नळही पोचले आहेत. बाबांच्या गावातही नळ होता. "पण तो येतो तेव्हा येतो," असे ते म्हणाले. टाक्याचे पाणी आपल्या हातचे.

ते रागावले नाहीत, ही गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी फक्त उभे राहून वाट पाहिली. सर्वांत आधी वकिलांनी बूट काढले, मग आम्ही सर्वांनी. तंबू उपटले, सामान हातांनी वाहिले, गाड्या इंजिन बंद ठेवून ढकलत कडेला नेल्या. अनवाणी पायांना ती जमीन बर्फासारखी लागत होती. मग मिस्त्रींनी आपणहून बाबांना ती काळी ओल दाखवली. हे सांगणे सोपे नव्हते; अंधारात ती कोणाला दिसली नसती. बाबा बराच वेळ पाहत राहिले. टाक्यात त्या वेळी श्रावणातले पाणी होते, आणि पुढचा पाऊस येईल तेव्हा या जमिनीवर जे असेल ते आत जाणार होते.

पहाटे उजेड होताच आम्ही खुरपे आणि डब्याचे झाकण घेऊन ती माती खरवडली. जिथे काळे दिसेना तिथे आम्ही थांबलो. बाबांनी बसून माती हुंगली आणि दोन बोटे अजून, अशी खूण केली. आम्ही पुन्हा खरवडले. सात-आठ किलो माती निघाली. ती जाड पिशवीत बांधून पाण्याच्या रिकाम्या कॅनच्या जागी ठेवली. खड्डा त्यांनी कुठून तरी आणलेल्या चिकणमातीने स्वतः बुजवला आणि पायाने ठोकला. आम्हाला ठोकू दिले नाही. गावाचे नाव आम्ही सांगत नाही, कारण तिथे जाऊन तो घुमट पाहावा अशी जागा ती नाही.

उरलेल्या दोन रात्री आम्ही गावात विचारून मुक्काम केला. विचारल्यावर जागा नेहमीच मिळते. उलट कुठे नको, हेही कळते. टाक्याचे आगोर नको, देवाच्या नावाने राखलेले रान नको. या रानाला तिथे ओरण म्हणतात. आपल्या कोकणातल्या देवराईचेच ते भावंड. राष्ट्रीय मरु उद्यानात तर गाडी उधळायचीच नाही. तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठे ते उद्यान माळढोकाचे आता जवळजवळ शेवटचे घर आहे. सोलापूरजवळ नान्नजला ज्यांनी एकेकाळी हा पक्षी पाहिला, त्यांना त्याचे मोल सांगायला नको. देशभरात मिळून आज दीडशेसुद्धा उरलेले नाहीत.

रात्रींबद्दल मात्र दोन शब्द बोललेच पाहिजेत. दिवसा कोट नकोसा वाटतो आणि पहाटे पाच अंशांवर दात वाजतात. वाळू उष्णता आत खोल जाऊ देत नाही. तापते ती वरचीच कातडी. सूर्य गेला, आकाशात ढग नाही, हवेत ओल नाही, की ती सगळी उष्णता सरळ वर निघून जाते. हातभर खाली खणले तर वाळू दिवसरात्र जवळपास सारखीच असते. पहाटे दंव पडले तर वरचे कण ओलाव्याने एकमेकांना धरतात, म्हणून गाडी चालवायला सकाळचे पहिले दोन तास उत्तम. बूट घालण्याआधी झटकावेत. कोकणातले फुरसे तिथेही असते. थंडीत ते फारसे बाहेर पडत नाही, पण विंचवाचा नेम नाही. तारे किती दिसतात हे विचारू नये. डॉक्टर, जे एरवी दहाला झोपतात, ते दोन्ही रात्री बारापर्यंत बाहेर बसले होते.

पाचव्या दिवशी जैसलमेरला टायरमध्ये हवा भरायला एका गॅरेजात थांबलो. मातीची पिशवी टाकायची कुठे, असे मिस्त्रींनी तिथल्या कारागिराला विचारले. त्याने पिशवी उघडून वास घेतला, आमच्या तोंडांकडे पाहिले आणि विचारले, "आगोर?" मग टाकाऊ ऑइलच्या पिंपाकडे बोट दाखवले.

आता व्यवस्थापकांनी दिवे थोडे कमी करावेत. चित्रे पंचवीसएक आहेत. वाळूची, लोंगेवाल्याची आणि वकिलांच्या उडीची. त्या चुन्याच्या घुमटाचे चित्र यात नाही. ते आम्ही काढले नाही.